यकृतातील दुय्यम गाठी : कापून काढाव्यात की उष्णतेने नष्ट कराव्यात?

प्रश्न
माझ्या वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. आता तो यकृतात पसरून तिथे दोन दुय्यम गाठी आढळल्या आहेत. एक सुमारे 2 सेंटीमीटरची आहे, तर दुसरी तिच्याहून लहान, पण एका मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे. सर्जनांनी यकृताचा तेवढा भाग काढण्याचा पर्याय सांगितला. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टांच्या (स्कॅन पाहत सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या) मते त्वचेतून सुई घालून मायक्रोवेव्ह ॲब्लेशन, म्हणजे गाठ उष्णतेने नष्ट करणे, शक्य आहे. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांच्यासाठीच ही सोय असते, अशी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत आहे. ती आज कितपत खरी आहे आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

प्रतिसाद 1
मी रेडिओलॉजी विभागात काम करतो, मात्र आपल्या वडिलांचे स्कॅन पाहिलेले नाहीत, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. ती समजूत काही वर्षांपूर्वी रास्त होती. आतड्याच्या कर्करोगाच्या 3 सेंटीमीटरपर्यंतच्या, दोन्ही उपायांना योग्य असलेल्या यकृतातील गाठींबाबत नेदरलँड्सच्या पुढाकाराने ‘कोलिजन’ (COLLISION) ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये मांडले गेले आणि 2025 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ॲब्लेशन शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडत नाही, हे मधल्या टप्प्यावरील विश्लेषणातच दिसल्याने चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. ॲब्लेशनच्या गटात गुंतागुंत कमी झाली आणि उपचारांमुळे एकही मृत्यू झाला नाही. शस्त्रक्रियेच्या गटात असे तीन मृत्यू झाले.

तरीही मला खरी काळजी वाटते ती आपण उल्लेखलेल्या दुसऱ्या गाठीची. साधारण 3 मिलिमीटरहून रुंद वाहिनीतले वाहते रक्त उष्णता ओढून नेते, त्यामुळे वाहिनीच्या बाजूच्या पेशी जिवंत राहू शकतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत (विजेच्या प्रवाहाने उष्णता देणाऱ्या ॲब्लेशनच्या दुसऱ्या पद्धतीत) हा धोका अधिक असतो. मायक्रोवेव्ह ऊतींतील पाण्याच्या रेणूंना थेट हालवून लवकर आणि जास्त तापमान गाठते, म्हणून तिथे तो कमी होतो, पण संपत नाही. गाठीभोवती सर्व बाजूंनी किमान 5 मिलिमीटर, शक्यतो 10 मिलिमीटर निरोगी यकृतही नष्ट व्हावे लागते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की वाहिनीच्या बाजूला एवढी कड मिळेल का, आणि ती मिळाल्याची खात्री भूल उतरण्याआधी स्कॅन करून घेतली जाते का. मुख्य पित्तनलिका किती लांब आहे, हेही विचारा. उष्णतेने ती आकसली तर पुढे कावीळ आणि जंतुसंसर्ग मागे लागतात.

प्रतिसाद 2
ताई, वरील माहितीत एक भर घालते. आधी केमो देण्याचे ठरत असेल, तर लहान गाठ स्कॅनवर दिसेनाशी झाल्यास काय करणार, हे आताच विचारून ठेवा. ती न दिसणे म्हणजे ती मेली असे नव्हे. पुष्कळदा तिथे जिवंत पेशी उरलेल्या असतात, आणि सुई नेमकी कुठे न्यायची हे मात्र कळेनासे होते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी टीमने हा विचार करूनच केमोची सुरुवात थोडी पुढे ढकलली होती. त्यांची गाठ मोठ्या आतड्याच्या अगदी जवळ होती, म्हणून दोहोंच्या मध्ये द्रव सोडून आतडे बाजूला सारले. रेडिओफ्रीक्वेन्सी वापरायची असल्याने सलाइनऐवजी डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) घेतले, कारण सलाइनमधून वीज वाहते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा पित्तनलिका आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर आवर्जून सांगा. दुसऱ्या बाबतीत यकृतात पू होण्याचा धोका बराच वाढतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचेही मनापासून आभार. पित्तनलिकेची शस्त्रक्रिया झालेली नाही, पण बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून स्कॅन पाहावेत, अशी विनंती आम्ही करणार आहोत. नंतरचा स्कॅन कसा वाचायचा असतो?

प्रतिसाद 1
ॲब्लेशननंतरच्या पहिल्या स्कॅनवर नष्ट केलेल्या जागेचा काळा डाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसेल. त्याने घाबरू नये. कड धरून तो तसाच असायला हवा आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू आकसतो. सुरुवातीला त्याभोवती दिसणारी पातळ, एकसारखी उजळ रेघ बहुधा दाहाची असते. काठावर एका बाजूने जाड, उंचवट्यासारखा उजळ भाग दिसला, तर मात्र तो त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गाठ लहान असताना पुन्हा ॲब्लेशन करता येते. पहिले काही दिवस बारीक ताप आणि थकवा अपेक्षितच असतो. थंडी वाजून चढणारा किंवा आठवडा उलटूनही न उतरणारा ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठा.