चोर घरातला, कमिटीही घरातलीच

कडूकारलं: परवा जुनाखोड यांनी ठोकून दिलं की संशोधनात गैरप्रकाराचा आरोप झाला तर चौकशी त्या संस्थेनंच करावी, बाहेरच्यांना ओ की ठो कळत नाही आणि उगाच एखाद्याचं आयुष्य उठतं. गप्प बसणार होतो, राहवेना. अहो, अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठानं आपल्याच रंगा डायस या भौतिकशास्त्रज्ञाच्या सुपरकंडक्टरच्या (वीज बिनअडथळा वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या) संशोधनाची तीनदा चौकशी केली, तिन्हीदा काही सापडलं नाही. मग ग्रँट देणाऱ्या सरकारी संस्थेनं कान पिळला, बाहेरचे भौतिकशास्त्रज्ञ बसवले, आणि त्याच डेटात बनवाबनवी सापडली! ज्याच्या जोरावर मिरवायचं त्याच्यावर आपणच कमिटी बसवायची, छान.

जुनाखोड: 'संस्थेनंच' म्हणालो, 'गुपचूप' नाही. आणि अमेरिकेतल्या प्रतिकारशक्तीच्या संशोधक थेरेझा इमानिशी-कारी सोयीस्कर विसरलात. १९८६ ला तक्रार, संस्थांनी तेव्हाच फसवणूक नाही म्हणून सांगितलेलं. पण बाहेरचे शहाणे उतरले, सिक्रेट सर्व्हिस या अमेरिकी सरकारी तपास यंत्रणेनं बाईंच्या वह्या तपासल्या, १९९४ ला १९ आरोपांत दोषी, आणि १९९६ ला अपिलात सगळे उडाले. दहा वर्षं कोण परत देणार? तुम्ही?

निमूट: दहा वर्षांचं दुःख आहेच. माझं सांगते. आमच्या लॅबच्या पेपरात दोन वेगळ्या प्रयोगांचे ब्लॉट (प्रथिनांच्या पट्ट्यांचे फोटो) होते, दुसरा म्हणजे पहिलाच उलटा करून लावलेला, कारण डाव्या कोपऱ्यातला धुळीचा ठिपका तस्साच्या तस्सा उजव्या कोपऱ्यात आलेला. विश्वासात घेऊन सांगितलं, तिसऱ्या दिवशी गाईडना माहीत. आठवड्यात लॅबची किल्ली काढून घेतली. कमिटीचा पहिला प्रश्न काय, तर "तुला हे कुणी सांगायला लावलं?" चौदा महिन्यांनी दोन ओळींचं पत्र, 'योग्य ती कार्यवाही झाली'. पेपरात 'दुरुस्ती' छापली, फाइल चुकून बदलली म्हणे. चूक कुणाची? दुसऱ्या वर्षाच्या पोराची.

प्रयोगवही: इथंच खरी मेख आहे! नाव शेवटी गाईडचं, बक्षीस गाईडचं, आणि भानगड निघाली की "पोरानं केलं". अमेरिकेतल्या बेल लॅब्सचा भौतिकशास्त्रज्ञ श्योन आठवा, वेगवेगळ्या तापमानाच्या आलेखांत नॉइज (मोजमापातली आपोआप येणारी बारीक थरथर) सुद्धा सेम, आणि सहलेखक सगळे निर्दोष. वीस-वीस पेपरांवर नाव आणि कच्चा डेटा बघितलाच नाही? मग नाव कशाला लावता, शोभेला?

जुनाखोड: कधी लॅब चालवलीय का? बारा जण, प्रत्येकाच्या शेकडो फाइली, त्यात ग्रँटचे अहवाल. प्रत्येक पिक्सेल बघत बसू? मुलांवर विश्वास ठेवणं हाही गुन्हा झाला आता.

प्रयोगवही: बघायला वेळ नसेल तर सही करायलाही नसावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष असलेले मेंदूशास्त्रज्ञ टेसिए-लाविन्य यांनी स्वतः काही फिरवलं नाही असंच अहवालात आलं, पण लॅबमधल्यांनी फिरवलेलं निस्तरलं नाही, म्हणून २०२३ ला ते पद गेलं. आणि प्रकरण लावून धरलं कुणी, तर तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं. तुमच्या लाडक्या कमिट्या तेव्हा कुठं होत्या?

जुनाखोड: 'लाडक्या' वगैरे भाषा नको. माझ्या एका सहकाऱ्याविरुद्ध निनावी तक्रार आली होती, निव्वळ प्रमोशनच्या भांडणातून. सुटला, पण दोन वर्षं कॅंटीनमध्ये त्याच्या टेबलाला कुणी बसत नव्हतं. ते मी बघितलंय.

कडूकारलं: गाईडपुराण आवरा, माझा प्रश्न चौकशीचा होता. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय विद्यापीठात कृत्रिम श्वासनलिका बसवणाऱ्या मॅकियारिनी या सर्जनविरुद्ध त्याच्याच चार सहकारी डॉक्टरांनी तक्रार केली. बाहेरच्या तज्ज्ञानं दोषी म्हटलं तरी २०१५ ला कुलगुरूंनी त्याला सोडलं. पुढं टीव्हीवर बोंब झाली, कुलगुरू गेले, आणि २०१८ च्या निकालात मॅकियारिनीबरोबर तक्रार करणाऱ्यांपैकीही एक जण दोषी! मग कोण पुढं येईल?

जुनाखोड: बरं बाबा. पण श्योनच्या वेळी बेल लॅब्सनंच बाहेरच्यांची कमिटी नेमली ना? २४ आरोप, १६ सिद्ध, अहवाल सगळ्या जगासमोर. संस्थेला नीट करायचं असलं तर जमतं. बाहेरचे लोक आणि जाहीर अहवाल, एवढं मी मानतो. झालं समाधान? का पेढे वाटू?

कडूकारलं: पेढे ठेवा. निमूटताई, तुमच्या कमिटीत बाहेरचं कुणी होतं का हो?

निमूट: होते की एक. गाईडचेच जुने विद्यार्थी.