प्रतिसाद: घरच का दाखवलं?

वर कुणीतरी म्हटलंय की स्लोव्हेनियाचा कवी प्रेशेरेन याच्या वर्बा गावातल्या घरावरच्या त्या जुन्या स्लोव्हेनियन लघुपटात कवी कुठेच दिसत नाही, नुसतं घर दिसतं. अहो, दाखवणार काय? १८४९ साली तो गेला तोवर त्याचं एकही चित्र कुणी काढलं नव्हतं. आज सगळीकडे दिसतो तो चेहरा चित्रकार गोल्डनस्टाइनने १८५० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, रंगवलेला. मग कॅमेरा धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघराकडे आणि पाळण्याकडेच वळणार ना.

बरं, ते घरही वाचलं ते लोकांमुळे. शेजारच्या डोस्लोव्चे गावचा लेखक आणि पाद्री फिंझगर याने शाळकरी पोरांकडून वर्गणी गोळा केली, आणि १९३९ मध्ये तिथे संग्रहालय झालं.

वर्बावरच्या सुनीतात प्रेशेरेन म्हणतो, गाव सोडलं नसतं तर शेजारच्या चर्चचा संत मार्क माझं घर आगीपासून आणि गहू गारांपासून राखत राहिला असता. आणि १८५६ च्या आगीत नेमकं तेच घर होरपळलं! संत मार्कचं ते चर्च अजून तिथेच आहे, आणि गावातलं लिंडनचं झाडही. त्याच्याभोवती १६ दगड आहेत, गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा एक.