नाशिकमध्ये इतर समाजांच्या सणांना आणि जेवणावळींना पाहुणे म्हणून कसे जावे?

इंदिरानगरवासी
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही लातूरहून नाशिकला आलो. आमच्या इमारतीत खानदेशी, मल्याळी, बिहारी आणि सिंधी कुटुंबे राहतात, त्यामुळे कोणता सण आला हे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दारात येणाऱ्या डब्यांवरूनच कळते. हे सण जिथे साजरे होतात तिथे तिला या वर्षी घेऊन जावे, असे मनात आहे. मात्र दोन अडचणी आहेत. सासूबाईंसह आम्ही सगळे शाकाहारी आहोत. शिवाय निमंत्रण नसताना दुसऱ्यांच्या सणात केवळ खाण्यासाठी जाऊन उभे राहणे मला प्रशस्त वाटत नाही. कोठे जावे आणि तेथे कसे वागावे, हे जाणत्यांनी सांगावे.

जुने_नाशिक
ताई, आपला संकोच योग्य आहे, पण त्यामुळे घरी बसू नका. माझे सारे आयुष्य भद्रकाली परिसरात गेले, म्हणून रमजानविषयी सांगतो. दूध बाजार आणि चौक मंडईच्या बाजूला संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. बाहेरून येणारे बहुतेक लोक सूर्यास्ताच्या आधी येतात आणि नेमके तिथेच चुकतात. ती वेळ दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसांची घरी किंवा मशिदीत पोहोचण्याची असते, विक्रेत्याचाही रोजा असतो, आणि त्याला थांबवून पदार्थांची चौकशी करणे त्याच्यासाठी जड जाते. रोजा सुटल्यानंतर, शक्य तर तरावीहची, म्हणजे रमजानमधील रात्रीची खास नमाज आटोपल्यावर या. तेव्हा गल्लीत निवांतपणा असतो आणि कोणीही आपुलकीने बोलते.

शाकाहारी माणसाला खजूर, फळे आणि फिरनी सहज मिळते. मालपुव्यात अनेकदा अंडे असते, म्हणून तो विचारूनच घ्यावा. भजी घेताना कढई वेगळी आहे का, हे मोकळेपणाने विचारावे, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. इस्लामी महिने चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो आणि पुढील काही वर्षे तो थंडीत येणार आहे, त्यामुळे मुलीला घेऊन फिरणेही सोपे जाईल. ईदच्या दिवशी मात्र बाजारात नव्हे, ओळखीच्या घरी जावे. त्या दिवशी शेजाऱ्याने शिरखुर्मा घेतल्याशिवाय जाऊ नये, असे आमच्या घरात आजही मानले जाते.

रामकुंड_परिसर
आपल्या बिहारी शेजाऱ्यांना छठपूजेबद्दल विचारा. कार्तिक शुद्ध षष्ठीला सायंकाळी रामकुंडाच्या परिसरात मावळत्या सूर्याला अर्घ्य दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उगवत्या सूर्याला. व्रत करणाऱ्या स्त्रिया सुमारे ३६ तास पाण्याशिवाय असतात, म्हणून संध्याकाळच्या गर्दीत त्यांच्या सुपांच्या वाटेत उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत. पहाटेच्या अर्घ्यानंतर गव्हाचे पीठ व गूळ घालून तळलेला ठेकुआ प्रसाद म्हणून वाटतात. या प्रसादासाठी आपण होऊन हात पुढे करण्यात कमीपणा नाही. तो मागून घेणे ही तिथली रीतच आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत राबणारी कितीतरी कुटुंबे त्या पहाटे गोदाकाठी असतात. आपल्याच नदीवर त्यांनी आणलेला सण पाहताना मला दरवर्षी भरून येते.

सिडकोकर
वरील दोन्ही उत्तरे मला पटली, पण खाद्यमहोत्सव आणि बचत गटांची प्रदर्शने सुटू नयेत असे वाटते. काही लोक त्यांना नुसता बाजार समजतात, ते मला मान्य नाही. सणाच्या ठिकाणी यजमान कामात असतो, तर येथे पदार्थ करणारी बाई आपल्याशी बोलण्यासाठीच बसलेली असते. ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभागाचे रानभाज्या महोत्सव होतात. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील महिला करटुली, कुरडू आणि तेरा (रानअळू) या रानभाज्या घेऊन येतात. तेऱ्याची पाने घशाला खाजतात, म्हणून ती चिंचेसारख्या आंबट पदार्थाबरोबर शिजवतात, हे मी अशाच एका बाईंकडून शिकलो. त्याआधी मी ती भाजी एकदा घरी नुसती परतली होती आणि सगळ्यांचे घसे धरले होते. सासूबाईंना नागलीची भाकरी तिथेच गरम खाऊ घाला.

मल्याळी शेजाऱ्यांकडे ओणमच्या सद्येची, म्हणजे केळीच्या पानावरच्या मेजवानीची चौकशी आधीच करून ठेवा. सार्वजनिक सद्या असेल तर पानांची संख्या ठरलेली असते आणि नाव अगोदर द्यावे लागते. जेवण शाकाहारी असते. जेवण झाल्यावर केळीचे पान आपल्या बाजूला दुमडावे, म्हणजे यजमानांना समाधान कळते.

इंदिरानगरवासी
सर्वांचे मनापासून आभार. वेळेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते असे ऐकले आहे, तीही पाहू. पण मुलीने हात लावून काही करावे अशी माझी फार इच्छा आहे. तशी जागा आहे का?

शिंगाडा_तलाव
आहे. शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वाऱ्यात या. गुरू नानक जयंतीला गर्दी मोठी असते, म्हणून पहिली भेट साध्या रविवारी घ्या. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, हातपाय धुवावेत आणि पंगतीत जमिनीवर बसावे. लंगर शाकाहारी असतो आणि त्यासाठी निमंत्रणाची गरज कोणालाच नसते. रोटी ताटात टाकत नाहीत, ती दोन्ही हातांत घ्यायची असते. हवे तेवढेच घ्यावे आणि ताटात काही उरवू नये.

जेवण झाल्यावर सेवेसाठी विचारा. माझ्या मुलाला पहिल्या दिवशी पाण्याचे पेले वाटायला दिले होते, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आपली मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला कदाचित रोट्यांची परात मिळेल. सासूबाईंना जमिनीवर बसणे कठीण जात असेल तर आल्याबरोबर सेवादारांना सांगा.