फोल्डर तयार होतोय पण स्कॅनडिर (फोल्डरातली यादी देणारं फंक्शन) त्यातलं काहीच दाखवंना

शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानाचं बिलिंग पीएचपीत (वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा) करतोय, वर्ष-महिन्याप्रमाणं फोल्डर करून त्यात पीडीएफ ठेवायच्यात. एमकेडिर (फोल्डर करणारं फंक्शन) ला मोड, म्हणजे परवानगीचा आकडा, ७५५ दिलाय आणि तिसरं ट्रू पण, म्हणजे आतले फोल्डरही एकदम होतात. घरच्या विंडोजवर सगळं मस्त चालतंय, लिनक्स होस्टिंगवर फाईल सेव्ह होते पण स्कॅनडिर मारलं की परमिशन डिनाइड, दोन रात्री गेल्या राव

— भावा, ७५५ च्या पुढं शून्य लाव, ०७५५. शून्य नसलं की पीएचपी तो आकडा साधा दशमान धरतं, ऑक्टलमध्ये (आठच्या पायात, परवानग्या त्यातच धरतात) तो १३६३ होतोय, शेवटच्या तीन आकड्यांतला पहिला फोल्डरच्या मालकाचा (ज्या खात्यानं तो केला त्याचा), म्हणजे मालकाला ३, लिहायची परवानगी हाय पण वाचायची न्हाई, म्हणून फाईल पडते पण यादी मिळत न्हाई. विंडोज मोड बघतच नाही. जुने फोल्डर सीएचमॉडनं (परवानगी बदलणारं फंक्शन) सुधार, तिथं पण शून्य पायजेच.

— आणि स्कॅनडिर एक टिंब, दोन टिंब (म्हणजे हाच फोल्डर आणि त्याच्या वरचा) पण देतं, ते गाळ. आरएमडिर फक्त रिकामा फोल्डर काढतं, आधी अनलिंकनं फाईली काढाव्या लागतात.

— झालं!! शून्यच होता. लई आभार दोघांचे, उद्या दुकानात दाखवतो