चलन कोसळलेल्या देशात मिशनचं काम: पैसा, शिधा आणि सुवार्ता

मोहरीचा दाणा
सर्वांस सलाम. देणगी डॉलरमध्ये येते, स्थानिक चलन दर आठवड्याला घसरतं आणि मंडळीच्या (चर्चच्या) दारात गर्दी वाढत जाते. अशा ठिकाणी लहान मिशनने पैसा कसा ठेवावा? शिधा किती द्यावा? आणि वाटप चालू असताना सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याचं, काम चालू ठेवावं का?

हिशेबनीस
आधी पैसा. लेबनॉनमध्ये अधिकृत दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत डॉलरला १,५०७.५ पौंड होता, तेव्हा बाजारात तो ६० हजारांच्या आसपास गेला होता. म्हणजे १,००० डॉलर अधिकृत दराने हातात पडले, तर बाजारात त्यांची किंमत उरते जेमतेम २५ डॉलर. म्हणून पैसे पाठवण्याआधी बँकेकडून लेखी घ्या: रक्कम कोणत्या चलनात आणि कोणत्या दराने मिळेल, रोख काढता येईल का. तिथे २०१९ च्या आधीपासून बँकेत पडून असलेले डॉलर अडकले. बाहेरून नव्याने आलेले डॉलर मात्र काढता येत होते.

बदलायची ती फक्त आठवड्याच्या खर्चापुरती रक्कम. अंदाजपत्रक किलो आणि लिटरमध्ये मांडा, स्थानिक नोटांत मांडलेलं महिनाभरही टिकत नाही. काळ्या बाजारात जाऊ नका. चार पैसे वाचतील, पण व्हिसा आणि मंडळीचं नाव दोन्ही धोक्यात येईल. पैसे मोजताना दोघं हवेत, आणि त्यातला एक मंडळीबाहेरचा असला तर उत्तमच. बायबलमधल्या २ करिंथ ८:२०-२१ मध्ये प्रेषित पौल वर्गणीबाबत हीच काळजी घेतो.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. चलन पडलं की डॉलरवर जगणारा मिशनरी आपोआप श्रीमंत होतो. त्याच्या घरखर्चाला मर्यादा घाला आणि स्थानिक पाळकांचं (मंडळीच्या धर्मगुरूंचं) मानधन दर महिन्याला महागाईप्रमाणे वाढवा. हे केलं नाही तर आतूनच कटुता येते, आणि ती बाहेरच्या विरोधापेक्षा जास्त नुकसान करते.

पाचवी भाकर
शिध्याबद्दल. आपत्तीत माणशी रोज २,१०० कॅलरी धरतात. ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि ३० ग्रॅम तेल यांतून साधारण १,९०० मिळतात. पाच जणांना दहा दिवसांसाठी २० किलो धान्य, ३ किलो डाळ, दीड किलो तेल आणि पाव किलो मीठ लागेल. हे पावणेपंचवीस किलो ओझं म्हातारी विधवा पायी नेऊ शकत नाही. तेव्हा पाच दिवसांचंच पाकीट करा आणि वाटपाची जागा वस्तीजवळ घ्या. अख्खं कडधान्य नको, फोडलेली डाळ द्या. इंधन मिळत नसताना तासभर शिजणारं अन्न कच्चंच राहतं.

श्रीलंकेत जून २०२२ च्या अखेरीस खाजगी वाहनांना इंधन देणंच बंद झालं होतं. मार्चअखेर वीज १३ तासांपर्यंत जात होती. अशा वेळी मंडळीचे चालत पोचता येतील असे गट पाडा आणि संध्याकाळच्या सभा दिवस मावळायच्या आत उरका.

यादी पाळकाने एकट्याने करू नये. वस्तीतल्या पाच-सहा जणांची समिती नेमा, त्यात निम्मे मंडळीबाहेरचे असू द्या. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये कुरकुर झाली ती रोजच्या वाटणीतून एका गटाच्या विधवा सुटल्या म्हणून. टोकनवर वेळ लिहा. ती नसेल तर माणसं पहाटेपासून उभी राहतात आणि पाकिटं संपली की धक्काबुक्की होते.

दीपस्तंभ
सुवार्ता थांबवू नका, पण शिध्यापासून वेगळी ठेवा. रेडक्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे: मदत धार्मिक मत पुढे नेण्यासाठी वापरायची नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की वाटप उपासनेला लागून नको, दुसऱ्या दिवशी आणि शक्यतो दुसऱ्या जागी करा. पाकिटात पत्रक नको, वाटपाची घोषणा रविवारच्या सभेत नको. हात पसरलेल्या माणसाचा फोटो तर मुळीच नको.

मोहरीचा दाणा
आभारी आहे. पण रांगेतल्या कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर?

पाचवी भाकर
तिथल्या तिथे करावी, त्यात गैर काय?

दीपस्तंभ
करावी, पण पाकीट हातात पडल्यावर आणि रांगेपासून बाजूला. मागच्या माणसाला ती अट वाटता कामा नये. योहान ६:२६ मध्ये भाकरीमुळे मागे आलेल्यांना येशू ते तोंडावर सांगतो, तरी तो त्यांच्याशी बोलणं तोडत नाही. वाढलेली हजेरी देणगीदारांच्या अहवालात ‘विश्वास ठेवणारे’ म्हणून लिहू नका. बाप्तिस्मा मागणाऱ्यांचा वर्ग जरूर घ्या, पण बाप्तिस्मा द्या तो त्या घराचा शिधा बंद होऊन काही महिने गेल्यावरच.