मदत हवी आहे: सेकंडहँड पोर्शे केमन, स्पोर्ट क्रोनो पॅकेजसाठी साडेचार लाख जास्त मोजावेत का?

गिरणगावकर:
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र, पण आता डोक्याचा भुगा झालाय म्हणून धागा काढतोय. आधीच सांगतो, पोर्शे घेतोय म्हणजे गडगंज वगैरे नाहीये, रबाळ्याला छोटं मशीन शॉप आहे, वीस वर्षं घासल्यावर यंदा जरा बरे पैसे हातात आलेत आणि बायको एकदाची हो म्हणालीये. ती परत नाही म्हणायच्या आत घ्यायचीय.

दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही ७१८ केमन, २ लिटरवाली, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक पांढरी, २०१८ची, एमएच ०२ पासिंग, ३१ हजार किमी, पॅकेज-बिकेज काही नाही. दुसरी लाल, २०१९ची, २२ हजार किमी, केए पासिंग पण सध्या इथेच एका डीलरकडे उभी आहे, तिच्यात स्पोर्ट क्रोनो आहे, म्हणजे गाडी जास्त चपळ करणारं कंपनीचं जादा पैशाचं पॅकेज. लालचे साडेचार लाख जास्त मागतायत आणि तिथला पोरगा सारखं एकच, सर पॅकेज नाही तर पोर्शे घेऊन काय उपयोग.

घरी येऊन कागदावर मांडलं. इंजिन तेच, ३०० पीएस, ३८० न्यूटन मीटर. टॉप स्पीड दोघींचा २७५. शून्य ते शंभर बिनपॅकेजची ४.९ सेकंद, पॅकेजवाली ४.७. फरक ०.२ सेकंदाचा. शंभरच्या स्पीडला तेवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर जाते, म्हणजे बेस्टच्या मोठ्या बसची अर्धी लांबी. अर्ध्या बसचे साडेचार लाख? आणि ती अर्धी बस मी पळवणार कुठे, कोस्टल रोडला ८०ची लिमिट, बोगद्यात ६०, वर कॅमेरे. रोज कामाला तर वॅगनआरच नेणार, ही फक्त रविवारी पहाटे आणि महिन्यातनं एकदा लोणावळा.

डॅशबोर्डवर मधोमध एक घड्याळ येतं पॅकेजमध्ये, ते बघून बायको म्हणाली साडेचार लाखाचं घड्याळ घेऊन तुम्ही कुठे वेळेवर पोचणार आहात.

पण खरं सांगू का, लालच्या स्टिअरिंगवरची ती गोल चकती स्पोर्ट प्लसवर फिरवली आणि गाडीचा आवाजच बदलला ना, तेव्हापासून झोप नाही. कोणी वापरलंय का हे? आणि पांढरी घेऊन नंतर पॅकेज बसवून मिळतं का?

घाटवाट:
अभिनंदन आधी! माझ्याकडे पॅकेजवाली आहे, चार वर्षं झाली. शून्य ते शंभरचा हिशोब सोडून द्या, तो लाँच कंट्रोलचा (उभ्या गाडीतून पूर्ण जोरात सुटायची सोय) आकडा आहे, मी आजवर तीनदा केलं असेल, ते पण पाहुण्यांना दाखवायला.

रोज कामाला येतं ते चकतीच्या मधलं बटण. दाबलं की २० सेकंद इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण तयारीत, आपोआप खालचा गिअर पडतो. जुन्या मुंबई-गोवा हायवेला टेम्पोच्या मागे अडकलोय, समोर तेवढीच मोकळी जागा मिळाली, की हे बटण. दुसरी गोष्ट जिच्याबद्दल कुठलाच सेल्समन बोलत नाही ती म्हणजे गिअरबॉक्सची माउंट, ज्यावर गिअरबॉक्स गाडीला बसवलेला असतो ती. आत लोहकण असलेलं द्रव असतं, चुंबकाने ते घट्ट नाहीतर सैल होतं. खड्ड्यात सैल राहून धक्के गिळतं, वळणात घट्ट होऊन मागचं वजन हलू देत नाही. माझ्या मते पॅकेजमधली अर्धी किंमत तिथे आहे, बाकी घड्याळ वहिनी म्हणतायत तसंच.

नंतर बसवायचं मात्र डोक्यातून काढा. चकती आणि घड्याळ कोणीतरी बसवून देईलही, पण माउंट, वायरिंग, कोडिंग सगळं धरलं तर त्या भानगडीत पडू नये माणसाने. आणि पांढरी अगदीच ओकीबोकी नाही हो, साधं स्पोर्ट बटण तिच्यातही असतं.

एक विचारायचं राहिलं, लालला पीएएसएम सस्पेन्शन (आपोआप कडक-मऊ होणारं) आहे का? लोक ते याच पॅकेजमध्ये धरतात पण तो वेगळा ऑप्शन. असेल तर गाडी १० मिमी खाली असते.

नुसतंच_बघतोय:
मी अल्टो के१० मध्ये फ्रेश्नर लावला तर १५ दिवस विचार केला होता. चालू द्या, वाचतोय.

टायरवाला_ठाणे:
ट्रॅकवर जाणार असाल तर पॅकेज घ्या नाहीतर नको. ते घड्याळ लॅप मोजायला आहे आणि मुंबईकराला ट्रॅक म्हणजे कोइंबतूर किंवा चेन्नई, गाडी ट्रेलरवर टाकून न्यायची. बरं पॅकेजमध्ये ब्रेक मोठे येत नाहीत, टायर वेगळे येत नाहीत. पावसाळ्यात मागची चाकं ढकलणारी गाडी तुम्हाला टायरच सांभाळणार, चकती नाही. २२ हजार चाललेली गाडी म्हणजे टायर बहुतेक कंपनीचेच असणार, नक्षी भरपूर दिसेल पण रबर कडक झालेलं असेल. साइडवॉलवर चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही बदलायचे तर एन मार्कवालेच (पोर्शेने मंजूर केलेले) घ्या आणि तो खर्च लालच्या किमतीत धरा.

कागदपत्रं_काका:
अहो सगळे चकती आणि माउंट करत बसलात, त्यांनी केए पासिंग लिहिलंय ते कोणी वाचलं का?? कर्नाटकातून एनओसी, मग इथल्या आरटीओला नवीन नंबर आणि रोड टॅक्स परत. गाडीचं वय बघून कमी होतो, पण पोर्शेचा कमी झालेला टॅक्ससुद्धा लाखांतच मोजावा लागतो. तिकडचा उरलेला टॅक्स परत मिळतो म्हणतात, मिळतोही, पण मूळ मालकाच्या नावाने आणि चपला झिजवून. डीलरला विचारा सांगितलेल्या किमतीत हे आहे का. नसेल तर तुमचा फरक साडेचार लाखांचा नाहीच मुळी.

घाटवाट:
काका बरोबर बोलले, माझ्या लक्षातच नाही आलं. आणि उलट बाजूने बघा, एक वर्ष नवीन आणि नऊ हजार किमी कमी याचेही पैसे त्या साडेचारात आहेतच, म्हणजे नुसत्या पॅकेजचे किती मागतोय ते वेगळं काढून घ्या त्याच्याकडून.

गिरणगावकर:
सगळ्यांचे आभार, काल संध्याकाळी परत जाऊन आलो. काका, तुमच्या पाया पडतो. टॅक्सचं विचारल्यावर पोरगा आधी हसला, मग आत जाऊन आला आणि म्हणाला सर ते बायर साइडला असतं. आठवडाभर चहा पाजला पण हे एकदाही बोलला नाही. टायरचा कोड १२१९, चारही तेच. पीएएसएम आहे, म्हणजे १० मिमी खाली, आणि आमच्या बिल्डिंगच्या स्टॅक पार्किंगच्या प्लेटला वॅगनआरचं पण पुढून खर्र होतं त्यामुळे ते वेगळंच टेन्शन.

पांढरीवाले अंधेरीचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची फाइल काढून बसले होते, टायर गेल्या वर्षीचे. चालवून बघितली, साधं स्पोर्ट बटण दाबलं. लालसारखं काळजात नाही झालं, खोटं कशाला बोलू. पण खड्ड्यांतून मस्त गेली.

डीलरला सांगितलंय की टॅक्स आणि टायर धरून आकडा दे, पॅकेजचे म्हणून दीड लाखाच्या वर एक रुपया देणार नाही. तो बघतो म्हणालाय. पांढरी मंगळवारी लिफ्टवर चढवून कॉम्प्युटरला जोडून बघणार आहोत, गृहस्थ तयार आहेत. तिच्यात खास काय तपासायचं असेल तर सोमवार रात्रीपर्यंत इथेच टाका.