विषय: १३ तारखेचं झाड कोणाकडे आहे?? (आणि फ्लायर)

प्रेषक: सचिव

मंडळी,
गुरुवारी फ्लायर छापायला जातोय, त्यामुळे आजच उत्तरं द्या. प्लास्टिकचं झाड (सात फुटी, तीन तुकडे) मागच्या खेपेनंतर कोणाच्या बेसमेंटमध्ये गेलं? लायटिंगची माळ माझ्याकडे आहे, झाड नाही. हॉल २ ते ६ च मिळालाय, ६ ला कुलूप, मागच्यासारखा घोळ नको. फ्लायरवर "नाताळ स्नेहमेळावा" टाकलंय. नगरकर वहिनी, सुरुवातीला तुम्ही दोघांनी झाडाचे दिवे लावायचे आणि पाच मिनिटं नाताळबद्दल बोलायचं असं कमिटीत ठरलंय, नावं टाकलीत. चालेल ना?

---

प्रेषक: नगरकर वहिनी

सचिव दादा, आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. आमची नावं प्लीज काढा. राग नाही, पण आम्ही नाताळ पाळत नाही, म्हणजे गेली सहा वर्षं, इथल्या चर्चला जायला लागल्यापासून. बायबलमध्ये येशूचा जन्म आहे, तारीख नाही, आणि तो दिवस पाळा असंही कुठे सांगितलेलं नाही. २५ डिसेंबर हा रोमन लोकांच्या सूर्यदेवाचा दिवस, त्याच्या आधी आठवडाभर त्यांचा सॅटर्नेलिया चालायचा, खाणंपिणं, भेटवस्तू, सगळं तेच. झाडाबद्दल बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा १० वा अध्याय वाचा. पोरं कार्यक्रमात आहेतच, भारूड करतायत, ते राहू दे. चकल्या ठरल्याप्रमाणे आणते.

---

प्रेषक: ठाणेकर

वहिनी, ख्रिश्चन असून नाताळ नाही हे मी पहिल्यांदाच ऐकतोय, आधी वाटलं चेष्टा करताय. पण इंडियातून कोणाचेही आईवडील आले की त्यांना बोस्टन फिरवायची ड्यूटी माझ्याकडेच असते (हे सगळ्यांना माहीत आहे, पेट्रोलचे पैसे कोणी देत नाही हेही माहीत आहे) त्यामुळे मला हे पाठ आहे की आपल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ केला तर पाच शिलिंग दंड होता! १६८१ ला तो कायदा मागे घेतला, पण राज्याची सुट्टी व्हायला १८५६ उजाडलं. आणि बंदी घालणारे कोणी परके नव्हते, कट्टर ख्रिश्चनच, प्युरिटन. इन्क्रीज मॅथर म्हणून बोस्टनचे पाद्री होते त्यांनी १६८७ मध्ये अगदी वहिनींचाच मुद्दा लिहून ठेवलाय, सॅटर्नेलिया होता म्हणून डिसेंबर धरला असा. म्हणजे वहिनी तुम्ही इथल्या जुन्या रहिवासी निघालात, आम्हीच नवे.
झाड माझ्याकडे नाही. माझ्याकडे गणपतीचं मखर आहे, ते कोण नेणार ते आधी सांगा.

---

प्रेषक: वसईकर

ठाणेकर, अर्धा इतिहास सांगू नका.
मी वसईचा कॅथलिक, बारा वर्षं या लिस्टवर आहे, गेली चार वर्षं गव्हाणीचा देखावा मी करतो, गवतसुद्धा मीच आणतो, पण पाच मिनिटं बोल म्हणून मला कमिटीतल्या कोणी विचारलं नाही. असो.
सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबला तरी २३ ला संपायचा. २५ त्यात येतच नाही. राहिला सूर्य. २५ डिसेंबरला सूर्याचा वाढदिवस असं जिथे लिहिलेलं सापडतं त्याच ३५४ सालच्या रोमन पंचांगात ख्रिस्ताचा जन्मही २५ डिसेंबर दिलाय. एकाच बाडात दोन्ही, मग कोणी कोणाचं उचललं हे छातीठोकपणे कसं सांगणार? दुसरा हिशोब जुन्या ख्रिस्ती लोकांचाच आहे, प्रभूचं मरण २५ मार्चला, गर्भातही तो त्याच तारखेला आला असं धरायचं, पुढे नऊ महिने मोजा. हिशोब पटो न पटो, त्यात सूर्यदेव कुठे नाही.
यिर्मया झाड तोडून मूर्ती घडवण्याबद्दल बोलतोय, सोन्याचांदीने मढवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात वगैरे. घरात सूचिपर्णी झाड सजवायची रीत जर्मनीकडची, त्याच्यानंतर दोन हजार वर्षांनी आलेली.
आणि समजा मूळ बाहेरचं निघालं, तरी काय? ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडला धर्मप्रचाराला निघालेल्या मेलिटसला कळवलं होतं की तिथल्या मूर्तिपूजकांची देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, तीर्थ शिंपडा आणि तिथेच उपासना करा. आमच्या किनारपट्टीवर ईस्ट इंडियन लोक (म्हणजे तिथलेच मराठी बोलणारे कॅथलिक) ऑक्टोबरात आगेरा करतात, नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आणतात. भात काय ख्रिश्चन झाल्यावर पिकायला लागला?

---

प्रेषक: खजिनदार

वसईकर, गवताची पावती अजून आलेली नाही. मागच्या वर्षीची. दोनदा आठवण केली.
सर्वांसाठी: हॉलवाल्यांचा नियम, खरं झाड नाही, पेटती मेणबत्ती नाही. ६ च्या पुढे गेलो तर डिपॉझिट जाणार आणि ते मी मंडळाच्या खात्यातून भरणार नाही.

---

प्रेषक: काकू (लेक्सिंग्टन)

मला ह्या तारखांतलं कळत नाही. माझं सगळं बालपण नगरला गेलं, शेजारी ख्रिस्ती मास्तर होते, नाताळला त्यांच्याकडून ताट यायचं करंज्या, शेव, अनारसे, अगदी आपल्या दिवाळीसारखं, आणि दिवाळीला आपलं ताट त्यांच्याकडे जायचं, माझी आई रिकामं ताट कधी परत पाठवायची नाही निदान चार बत्तासे तरी ठेवायची. कुठल्या सणाचं मूळ कुठलं हे कोणी काढलं नाही. नगरकर वहिनी तू रागावू नकोस, पण संक्रांतीला माझ्याकडून तिळगूळ घेतलास ना, तो चालला मग झाडाचं काय वाकडं? आणि अनारशाचं पीठ इथे कुठल्या दुकानात मिळतं कोणाला माहीत आहे का.

---

प्रेषक: नगरकर वहिनी

काकू, तुमच्यावर कशी रागावेन. तिळगूळ घेतला कारण तुम्ही दिलात. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की बाजारात मांस मिळतं ते खुशाल खा, कुठून आलं विचारत बसू नका, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. त्या दिवशी मी कुंकू लावून घेतलं नाही, तुमच्या लक्षात आलं होतं, आणि तुम्ही आग्रह केला नाहीत, करंडा तसाच पुढे नेलात. मला ते अजून आठवतं.

---

प्रेषक: वसईकर

पावती शोधतोय.
वहिनी, एक विचारू? तुमच्या नगरच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, टाळ-चिपळ्या घेऊन, अभंगाच्या चालीवर. तुम्हीच मागच्या कोजागिरीला म्हटली होतीत, सगळे गप्प बसून ऐकत होते. ती चाल कुठून आली?

---

प्रेषक: नगरकर वहिनी

वारकऱ्यांकडून आली, मला माहीत आहे. माझ्या सासूबाईही फोनवर हेच विचारतात. म्हणतात, आपले टाळ पंढरपूरच्या दुकानातलेच आहेत, ते टाकून देऊ का? त्या अजून नाताळच्या आदल्या रात्री शाल गुंडाळून उपासनेला जातात, आणि यावरून त्यांचं आणि ह्यांचं जवळजवळ वर्षभर धड बोलणं नव्हतं.
माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. चाल देवाच्या स्तुतीसाठी घेतली तर मला अडत नाही, दिवसापाशी मात्र मन अडतं, का ते नीट सांगता येत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात १४ व्या अध्यायात आहे की कोणी एक दिवस मोठा मानतो, कोणाला सगळे सारखे, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तुमचा नाताळ बंद करा असं मी म्हणतच नाहीये, फ्लायरवरून माझं नाव काढा एवढंच म्हणतेय.

---

प्रेषक: ठाणेकर

मग थर्सडे थॉरचा, जानेवारी जेनसचा, कॅलेंडरच फाडायला लागेल. फ्लायर तर गुरुवारीच जातोय म्हणे :)
मखराचं कोणी बोलत नाहीये.

---

प्रेषक: नगरकर (ह्यांच्या अकाउंटवरून)

वाराला नाव असणं वेगळं, त्या दिवशी उभं राहून दिवे लावणं वेगळं.
आणि इतका वेळ वाचतोय म्हणून सांगतो, झाड आमच्याच बेसमेंटमध्ये आहे. वॉटर हीटरच्या मागे. खजिनदार काकांनीच आणून ठेवलं होतं, "तुमच्याकडेच शोभेल" म्हणाले. १३ ला सकाळी ११ च्या आत कोणीतरी न्या, गाडीत चढवून देतो.

---

प्रेषक: खजिनदार

मी "जागा आहे" म्हणालो होतो.

---

प्रेषक: सचिव

ओके. फ्लायरवर नाताळ राहतोय, नगरकरांची नावं काढली. दिवे आणि पाच मिनिटं वसईकर (पाचच!! ३५४ साल वगैरे नको). भारूड तिसऱ्या नंबरवर, झाडाच्या आधी, म्हणजे वहिनींना पोरांना घेऊन मागे चहाकडे जाता येईल. चुकून पुन्हा न विचारताच ठरवतोय असं नको, वहिनी, हे चालेल का? झाड मी शनिवारी सकाळी नेतो.

---

प्रेषक: नगरकर वहिनी

चालेल. चहाकडे जायची गरज नाही, वसईकर बोलतील ते ऐकेन, फक्त स्टेजवर नको.

---

प्रेषक: नगरकर

खाली जाऊन बघितलं. खालचा आणि मधला असे दोनच तुकडे आहेत. शेंडा कोणाकडे आहे?